हरल्यानंतरची ४१ वर्षं

तारकर्लीतून मालवणच्या कॉलेजात जाणारे असा, की कुडाळ-कणकवलीच्या कॉलेजात, तुमच्या मार्कशीटवर नाव असतं मुंबई विद्यापीठाचं. त्या विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारात घड्याळाचा एक उंच मनोरा आहे. राजाबाई टॉवर. उंची २८० फूट, खाली ग्रंथालय. फोटो तरी तुम्ही नक्कीच पाहिला असणार. ही राजाबाई कोण, हा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडत नाही. राणी नाही, देवी नाही, गव्हर्नरची बायको तर नाहीच. एका शेअर दलालाची ती आई. मुलाने पैसे दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव लागलं.

त्या मुलाचं नाव प्रेमचंद रायचंद. १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाला पैसे दिले तेव्हा मुंबईच्या बाजारात त्यांच्याएवढं वजन क्वचितच कुणाचं असेल. १ मार्च १८६९ ला मनोऱ्याची पायाभरणी झाली तेव्हा ते सगळं वैभव जाऊन साडेतीन वर्षं उलटली होती. आज त्यांच्याबद्दल बोलू. कसे जिंकले, ही गोष्ट बरेच जण सांगतात. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हरल्यावर त्यांनी काय केलं, आणि त्याहून जास्त, काय केलं नाही.

आणि हे तारकर्लीकडे बघत सांगायलाही कारण आहे. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद, होमस्टे रिकामे, होड्या वर ओढून ठेवलेल्या. सीझनचे पैसे खात्यात आणि हातात मोबाईल. कुणी मित्रांबरोबर मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जाऊन येतो, कुणी मॅचवर लावतो, कुणी ऑप्शनमध्ये शिरतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. ऑप्शन मात्र कायदेशीर आहेत, आणि तिथले आकडे सेबीनेच दिलेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. तिसऱ्या वर्षी यातले ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते. मला सगळ्यात बोचला तो वेगळाच आकडा. लागोपाठ दोन वर्षं तोटा झालेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त लोक तरीही खेळत राहिले.

हा आकडा लक्षात ठेवा आणि आता १८६० च्या मुंबईत चला.

प्रेमचंदांचा जन्म सुरतचा, १८३१ चा. घर जैन, वडील रायचंद दीपचंद व्यापारी, पण मोठे म्हणावे असे नाहीत. सुरतेचं बंदर मागे पडत होतं, मुंबई वर येत होती, म्हणून कुटुंब मुंबईला आलं. पोरगा इंग्रजी शिकला. आज यात काही विशेष वाटणार नाही, पण त्या वेळच्या देशी दलालांत इंग्रजी लिहिता-वाचता येणारा माणूस विरळाच. बँका साहेबांच्या, कागद साहेबांच्या भाषेत, आणि व्यापारी गुजराती, मारवाडी, पारशी. या दोघांच्या मध्ये उभा राहू शकणाऱ्याला काम मिळणारच. विशीच्या आसपास ते दलालीत शिरले. सौदे वहीत न टिपता डोक्यात ठेवायचे, असं त्यांच्याबद्दल सांगतात.

आणखी एक आठवण सांगितली जाते, ती किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच पटेल. विलायतेची डाक तेव्हा बोटीने यायची. डाकेत लिव्हरपूलचे कापसाचे भाव असायचे. बोट धक्क्याला लागून डाक वाटली जाईपर्यंत वेळ जायचा. प्रेमचंद म्हणे छोट्या होड्या घालून माणसं समुद्रातच त्या बोटीकडे पाठवायचे आणि भाव आधी कळवून घ्यायचे. बाकीचा बाजार अंदाज बांधत असायचा, यांना माहीत असायचं. इथवरचं सगळं मी जुगारात धरत नाही. ही माहितीची आणि मेहनतीची कमाई. दलालाला दलाली मिळते, भाव वर जावो की खाली.

मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि अमेरिकेचा कापूस अडकला. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवाच होता, तो मुंबईतून जाऊ लागला आणि भाव अनेक पटींनी चढला. गादीतला जुना कापूस काढून लोकांनी विकला, असं सांगतात. चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या भावापेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्तीचे मिळाले, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. माणसांचा लोंढा लागला. १८६४ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजारांवर गेली. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात, आणि मुंबईला कामाला माणसं पाठवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी पुढे होता. तुमच्यापैकी काही जणांच्या घरातलं मुंबईचं पहिलं पाऊल याच काळातलं असू शकेल.

एवढा पैसा आला आणि त्याला ठेवायला जागा नव्हती. म्हणून जागा तयार केल्या. १८६४ च्या अखेरीस मुंबईत ३१ बँका, १६ वित्त कंपन्या आणि ८ जमीन कंपन्या होत्या. जमीन कंपनी म्हणजे काय, तर समुद्रात भराव घालून जमीन करणारी. त्यातली सगळ्यात गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. प्रेमचंद तिच्या उभारणीत पुढे होते. ५००० रुपयांचा शेअर ५० हजारांच्या वर गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती, हां. देवबागच्या माणसाला विचारा, समुद्राकडून जमीन मिळवणं म्हणजे काय काम असतं ते. पण शेअर घेणारा समुद्राकडे बघतच नव्हता. कालचा भाव आणि आजचा भाव, यापलीकडे त्याला काही दिसत नव्हतं.

इथे जरा थांबून दोन गोष्टी नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पहिली गोष्ट, वायदा. शेअर आज घ्यायचा नाही. ठरलेल्या तारखेला, आज ठरलेल्या भावाने घेईन, असा करार करायचा. १८६५ च्या सुरुवातीला असे ढीगभर करार झाले आणि त्यातल्या बहुतेकांची तारीख एकच होती, १ जुलै १८६५. खिशात पैसे नसले तरी चालायचं. भाव तोवर चढेल, आपण मधल्या मध्ये फरक खिशात घालू, हा हिशेब. आज तुमच्या फोनमध्ये फ्युचर्स म्हणून जे दिसतं, त्याचं हे आजोबा.

दुसरी गोष्ट, तारण. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारी भागीदारी असलेली प्रतिष्ठित बँक. ती शेअर तारण ठेवून कर्ज देऊ लागली. समजा तुमच्या होडीची खरी किंमत पाच लाख. गावात होड्यांची हवा झाली आणि लोक तिला पन्नास लाख म्हणू लागले. बँकेने पन्नास लाख धरून कर्ज दिलं, त्या कर्जातून तुम्ही शेजाऱ्याची होडी चढ्या भावात घेतली. त्यामुळे तुमच्या होडीचा भाव आणखी चढला आणि तुम्ही पुन्हा बँकेत गेलात. मासे तेवढेच. बँक ऑफ बॉम्बेत हेच चाललं होतं आणि प्रेमचंदांचा शब्द तिथे इतका चालायचा, की कर्ज कुणाला द्यायचं हे बऱ्याचदा त्यांच्या शिफारशीवर ठरायचं. त्यांनी स्वतःही भरपूर उचललं. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याच्या कामकाजात प्रेमचंदांचं नाव पुन्हा पुन्हा येतं. ते आदर्शबिदर्श नव्हते, हे आताच सांगून ठेवते. त्या तेजीत बुडालेल्यांत त्यांच्या शब्दावर पैसे लावलेली माणसं होती.

माझं मत विचाराल तर प्रेमचंदांचा ताबा हरताना नाही सुटला. तो जिंकताना सुटला. दलालीत होते तोवर भाव कुठेही गेला तरी त्यांचं पोट त्यावर अवलंबून नव्हतं. चार वर्षं सलग सगळं बरोबर येत गेलं आणि दलाल स्वतः खेळाडू झाला. कॅसिनोत पहिल्याच रात्री जिंकलेला मित्र आठवा. हरून आलेला निदान गप्प बसतो. जिंकून आलेला पुढच्या शनिवारी दुप्पट पैसे घेऊन जातो, कारण आपल्याला यातलं कळतं असं त्याला वाटू लागतं. रापणीवर जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला असं वाटत नाही. काल रापण भरून आली म्हणून आज समुद्र आपलं काही देणं लागतो, असं तो कधी धरत नाही.

याच जिंकण्याच्या दिवसांत प्रेमचंदांनी एक वेगळी गोष्टही केली. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले आणि थोड्याच दिवसांत मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. आई अंध होती, सूर्यास्ताच्या आत जेवायचा जैनांचा नियम तिला घड्याळाच्या ठोक्यांवरून पाळता यावा म्हणून मनोरा, अशी कथा सांगितली जाते. कथा गोड आहे. मला त्या देणगीचं दुसरंच महत्त्व वाटतं, पण ते पुढे येईल.

९ एप्रिल १८६५. अमेरिकेत जनरल लीने शरणागती पत्करली, युद्ध संपल्यात जमा झालं. बातमी मुंबईला पोचली आणि कापूस कोसळला. कापसाच्या मागे शेअर, शेअरच्या मागे बँका. मे महिन्यापासूनच मोठी नावं बुडायला लागली. मग तो १ जुलै उजाडला. सगळ्यांनी सगळ्यांकडून शेअर घ्यायचे होते, सगळ्यांनी सगळ्यांना पैसे द्यायचे होते, आणि पैसे कुणाकडेच नव्हते. ५० हजारांचा शेअर कुणी कवडीमोलाने घेईना. दिवाळखोरांची संख्या एवढी वाढली की त्यांची प्रकरणं निकालात काढायला त्याच वर्षी वेगळा कायदा करावा लागला. पैजेचे करार कोर्टात टिकणार नाहीत, असाही एक कायदा मुंबई सरकारने त्याच साली केला. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

बँक ऑफ बॉम्बेचं बहुतेक भांडवल धुऊन निघालं. १८६८ मध्ये ती बंद करून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. ही नवी बँक पुढे १९२१ मध्ये इंपिरियल बँकेत गेली आणि इंपिरियल बँकेची १९५५ मध्ये स्टेट बँक झाली. शहरही आकसलं. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ६ लाख ४४ हजार भरली. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं कमी. कामच राहिलं नाही तर माणसं थांबतील कशाला?

प्रेमचंदही बुडाले. वय चौतीस. नाव बदनाम, आणि ते नाव ज्यांनी डोळे मिटून मानलं होतं अशी बुडालेली माणसं त्याच गल्ल्यांत रोज समोर येणार.

आता अशा वेळी माणूस काय करतो ते बघा. युधिष्ठिराची गोष्ट दशावतारात तुम्ही पाहिली असेल. द्रौपदीपर्यंत सगळं हरला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लोक विसरतात ते त्याच्या पुढचं. धृतराष्ट्राने हरलेलं सगळं परत दिलं होतं. राज्य, भाऊ, सगळं. पांडव घरी निघालेही होते. पुन्हा बोलावणं आलं आणि हा पुन्हा पटावर बसला. वनवास त्या दुसऱ्या बैठकीने दिला.

हरलेल्या माणसाला ती दुसरी बैठक जोरात ओढते. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं, की मिळालेल्या पैशाच्या आनंदापेक्षा तेवढेच पैसे गेल्याचं दुःख माणसाला बरंच जास्त लागतं. आणि तोट्यात बसलेला माणूस एरवी घेणार नाही तो धोका घ्यायला तयार होतो, फक्त बरोबरीत यायला मिळावं म्हणून. पोकर खेळणारे याला टिल्ट म्हणतात. आपल्याकडे साधा शब्द आहे, वसुली. पाच हजार गेले, दहा लावून वसूल करू. दहा गेले, मित्राकडून वीस घेऊ. घरी काही सांगायचं नाही, कारण वसूल झाल्यावर सांगायची गरजच पडणार नाही. पैशापेक्षा हे लपवणंच जास्त पोखरतं, असं मला वाटतं. हे वाचताना पोटात खड्डा पडला असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि घरातल्या एकाला तरी खरा आकडा सांगा, अर्धा करून नको.

प्रेमचंदांना दुसऱ्या बैठकीची संधी होतीच. बाजार बंद पडला नव्हता. युक्त्या त्यांच्याइतक्या कुणाला येत नव्हत्या, आणि अशा माणसाला कर्ज देणारा कुणीतरी नेहमीच सापडतो. मुंबई सोडून जाण्याचीही संधी होती, सुरत कुठे लांब होती? त्यांनी दोन्ही केलं नाही. त्याच शहरात राहिले आणि दलालीकडे परत गेले. जिथून सुरुवात केली होती त्याच कामाकडे, दुसऱ्याच्या सौद्यावर मिळणाऱ्या थोड्या-थोड्या पैशांकडे. ज्या माणसाच्या शब्दावर बँक चालायची त्याने पुन्हा दलाली मोजत बसायची, याला काय लागलं असेल याची कल्पना करून बघा.

त्याच भोवऱ्यात सापडलेला आणखी एक तरुण इथे आठवतो. प्रेमचंद ज्या पेढीत भागीदार होते त्या पेढीच्या नसरवानजी टाटांचा मुलगा जमशेटजी, वय पंचविशीचं. मुंबईच्या तेजीच्या भरवशावर लंडनमध्ये बँकेचं काम उभं करायला तो डिसेंबर १८६४ मध्ये निघाला. पोचला आणि हातातल्या हुंड्यांची किंमत विरघळली. तो धनकोंसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळा हिशेब मांडला. धनकोंनी त्यालाच व्यवहार मिटवायला नेमलं, महिना २० पौंड पगारावर. टाटांचं घर सावरलं ते पुढे १८६८ च्या अबिसीनियाच्या मोहिमेला माल पुरवण्याच्या कंत्राटातून. म्हणजे तोटा भरून निघाला तो दुसऱ्याच कामातून, वेळ लागून. कापसाच्या पटावर नाही.

प्रेमचंदांचं मात्र पूर्ण भरून आलं नाही, हेही सांगायला हवं. १८६४ चे प्रेमचंद पुन्हा कधी झाले नाहीत. सिनेमात दाखवतात तसं शेवटच्या डावात सगळं परत, असं काही घडलं नाही. पण पेढी चालली. भायखळ्याचा बंगला, कुटुंब आणि रोज सकाळी बाजारात जाणं चालू राहिलं. आणि एक जास्त कठीण गोष्ट हळूहळू परत आली. लोक त्यांचा शब्द पुन्हा धरू लागले.

ते कशावरून? १८७५ मध्ये मुंबईच्या देशी शेअर दलालांनी आपली संघटना बांधली. ३१८ सभासद, प्रवेश फी १ रुपया. तोवर दलाल रस्त्यात, झाडाखाली उभे राहून सौदे करायचे. आता त्यांना नियम आले, सभासदत्व आलं, शब्द मोडला तर जाब विचारणारं कुणीतरी आलं. आज आपण जिला बीएसई म्हणतो, ती हीच संघटना. ती उभी करणाऱ्यांत प्रेमचंद पुढे होते. मला ही गंमत फार आवडते. दहा वर्षांपूर्वी ज्याच्या बेफाटपणाने बाजार कोसळायला हातभार लावला, त्याच माणसाला बाजाराच्या लोकांनी बाजाराला शिस्त लावताना सोबत घेतलं. रागावून हाकलून दिलं असतं तरी कुणी दोष दिला नसता. पण दहा वर्षं तो रोज तिथे येत होता, दिलेला शब्द पाळत होता, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

कापसाचा जुगार मात्र मुंबईतून गेला नाही. १८८७ मध्ये जुगार प्रतिबंधक कायदा आला, आजही महाराष्ट्रात जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडते ती त्याच कायद्याने. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईत यायचे, त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे बंद झाले, तर लोकांनी चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. तोच मटका. गावातल्या टपरीवर आकडा लावणाऱ्याला आपण कापसाचे वारसदार आहोत हे बहुधा माहीत नसतं.

प्रेमचंद १९०६ मध्ये गेले. त्या १ जुलैनंतर ४१ वर्षं. जिंकण्याची वर्षं मोजली तर जेमतेम चार भरतात.

आता त्या देणगीकडे येऊ, मघाशी मागे ठेवली होती ती. १८६५ च्या जुलैनंतर प्रेमचंदांचं जे जे खेळात होतं ते सगळं गेलं किंवा आटलं. बॅक बे कंपनी गेली, एशियाटिक बँक गेली. जे खेळातून आधीच काढून दुसऱ्याच्या हातात दिलं होतं, ते राहिलं. विद्यापीठाचे ४ लाख विद्यापीठाकडे होते. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुरचनाकाराने, कधी भारतात न येता, त्याचे आराखडे केले आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला. सगळा खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला. प्रेमचंद तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. फोर्टमध्ये कामाला येता-जाता त्यांना तो दिसत असणार.

सीझनचे पैसे हातात असताना करायची ही एकच गोष्ट मला प्रेमचंदांकडून उचलावीशी वाटते. देणगीच द्या असं नाही. होडीच्या इंजिनाचा हप्ता, बहिणीची फी, आईच्या नावावरची ठेव. जे तुमच्या हाताला लागणार नाही असं, आणि जिंकत असताना. हरायला लागल्यावर ते होत नाही.

त्यांच्या इतर देणग्याही टिकल्या. अहमदाबादेत शिक्षक तयार करणारं कॉलेज, सुरतेत मुलींची शाळा, भरुचला ग्रंथालय. आणि एक फार लांब, कलकत्त्यात. तिथल्या विद्यापीठाला दिलेल्या २ लाखांतून १८६६ मध्ये प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. बंगालमध्ये अजूनही एखाद्या जुन्या विद्वानाच्या नावापुढे पी. आर. एस. अशी अक्षरं दिसतात, ती हीच. १८९७ मध्ये ही शिष्यवृत्ती एका तरुणाला मिळाली. इंग्रजीचा विद्यार्थी, पण मन इतिहासात. जदुनाथ सरकार त्याचं नाव. पुढे त्यांनी औरंगजेबावर खंडामागून खंड लिहिले, आणि १९१९ मध्ये शिवाजी महाराजांवरचं पुस्तक. रियासतकार सरदेसाई त्यांचे जन्मभराचे मित्र. दोघांनी मिळून मराठ्यांच्या इतिहासाचे कागद धुंडाळले. शिवाजी महाराजांच्या आरमारावरही जदुनाथांनी लिहिलं, आणि त्या आरमारातला सिंधुदुर्ग तुम्हाला मालवणच्या धक्क्यावरून रोज दिसतो.